सोनियासाठी पुस्तक

कालिंदी धर्माधिकारी हर्सूलच्या एका शाळेत ग्रंथपाल होत्या. मुलांच्या पुस्तकाचा शेवट गोडच हवा, हे त्यांचं ठाम मत. दुःखाची पुस्तकं शाळेत त्या येऊच देत नसत. "रडायला पुढं अख्खं आयुष्य पडलंय," म्हणायच्या.

आठवीतली सोनिया मूळची सिल्लोडकडची. बाप हर्सूलच्या तुरुंगात जन्मठेप भोगत होता, म्हणून आई तिला घेऊन इथंच राहायला आली होती. पोरीला धीर यावा म्हणून कालिंदीबाईंनी तिला मुद्दाम एक कादंबरी शोधून दिली. त्या कादंबरीतल्या मुलीचे वडील निर्दोष सुटून घरी येतात.

दुसऱ्याच दिवशी सोनियानं पुस्तक परत आणलं.

"आवडलं का गं?"

"लई खोटं हाय, मॅडम. माझ्या बापानं खरंच माणूस मारलाय. तसल्या बापाच्या पोरीचं पुस्तक हाय का?"

कालिंदीबाईंनी सगळी कपाटं धुंडाळली. औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांतही विचारलं. "पोरांसाठी असलं कोण छापतं, मॅडम?" म्हणत एका दुकानदारानं हात झटकले.

सोनिया ग्रंथालयात यायची बंदच झाली. मधल्या सुट्टीत ती लिंबाखाली एकटीच डबा खात बसे. शेवटी कालिंदीबाई तिच्याशेजारी जाऊन बसल्या.

"नाही मिळालं गं कुठंच."

"मला ठावं व्हतं," सोनिया म्हणाली, आणि अर्धा डबा तसाच बंद करून वर्गाकडं निघून गेली.