मानाची टोपी, वर्णमालेनुसार

आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात एम.ए. करायला मी हैदराबादला गेले, तेव्हा वसमतजवळच्या आमच्या गावात ते नेमकं काय असतं हे कोणालाच कळलं नाही. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "म्हंजी पोरगी सोयरिकी जुळवायचं शिकून राहिली का?" आईनं वेळ मारून न्यायला "व्हय" म्हणून टाकलं. मला भयंकर राग आला होता. आता वाटतं, आईचं फारसं चुकलं नव्हतं.

पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन मी घरी आले ती थोरल्या बहिणीच्या लग्नासाठी. बाबांनी मला एकाच वर्षाची परवानगी दिली होती. "थोरलीचं उरकू दे, मग दुसऱ्या वर्षाचं दाजींना विचारून ठरवू," असं त्यांचं म्हणणं. दाजी म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आम्ही त्यांना मामा म्हणतो. राहायला हट्ट्याला, वय सत्तरीच्या पुढे, पण आमच्या घराचे ते थोरले जावई, आणि बैल घ्यायचा असो की बोअर पाडायचा, बाबा त्यांना विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. इकडे माझ्यासाठी दोन स्थळं चौकशी करून गेलीसुद्धा होती. मामा 'शिकू द्या' म्हणाले तर हैदराबाद, नाहीतर याच मांडवाचे खांब तसेच राहू द्यायचे, अशी एकूण परिस्थिती.

अशा वेळी शहाण्या माणसानं मामांना दोन वेळा जास्त चहा विचारला असता. मी काय केलं? मानपानाची यादी अंगावर घेतली.

आमच्याकडे लग्न लागायच्या आधी मांडवात माईकवरून एकेका पाहुण्याचं नाव पुकारतात आणि यजमान त्याला टॉवेल-टोपी देतो. ती टोपी नंतर कोणी घालत नाही. पण कोणाचं नाव कोणाच्या आधी आलं, हे लोक वीस वर्षं विसरत नाहीत. दर लग्नात एकजण तरी फुगून बसतो. मी नुकतंच राजशिष्टाचाराचं प्रकरण वाचलं होतं. जगातले सगळे देश एका सभागृहात बसतात तेव्हा कोणी रुसू नये म्हणून त्यांना वर्णमालेप्रमाणे बसवतात. मला वाटलं, महासत्तांना चालतं ते आमच्या सोयऱ्यांना काहून चालणार नाही? मी गावांची यादी केली. आधी औंढा, मग कळमनुरी, जवळा बाजार, पूर्णा, वसमत, सेनगाव, असं शेवटपर्यंत. बाबांना यादी दाखवायला गेले तर ते आचाऱ्याशी भांडत होते. "तू शिकलेली हाईस, तूच बघ," म्हणाले. मला तर तेच हवं होतं.

मी स्वतःच माईक हातात घेतला. औंढ्याच्या एका लांबच्या चुलतभावाला पहिली टोपी मिळाली. तो बिचारा इतका घाबरला की मागे वळून बघायला लागला. मांडवात कुजबुज सुरू झाली ती मला कौतुकाची वाटली. कळमनुरी झालं, पूर्णा झालं, सेनगाव झालं. हिंगोलीचे तर नवऱ्याकडचे वऱ्हाडीच होते, त्यांचा मान वेगळा. म्हणजे यादीत सगळ्यात शेवटी उरलं हट्टा. मी मोठ्या आवाजात मामांचं नाव पुकारलं. कोणी उठलं नाही. पुन्हा पुकारलं. मग मागून कोणीतरी ओरडलं, "त्ये गेले की चपला घालून!"

लग्न व्यवस्थित लागलं, पण मामा न जेवता गेले होते आणि बाबांनीही ताटाला हात लावला नव्हता. ते मला ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "आता दाजींना कोणत्या तोंडानं विचारू?" मला रडू आलं. बहिणीची पाठवणी होती म्हणून ते खपून गेलं.

रुसवा ज्यानं आणला त्यानंच काढायचा असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शाल, टोपी, टॉवेल आणि बुंदीचा डबा घेऊन मी एसटीनं हट्ट्याला गेले. डोक्यात वाटाघाटींचं अख्खं प्रकरण घोळत होतं. आत्यानं दार उघडलं आणि तोंडाला पदर लावून हसली. "जा माय, मागं हाईत. कालपासून घुम्यावानी बसलेत."

मामा मागच्या अंगणात वाळत घातलेली हळद हातानं खालीवर करत होते. मी जवळ जाऊन उभी राहिले.

"मामा, चुकलं माझं."

"आमी काय बाबा, शेवटचे. हट्ट्याची माणसं."

मी वर्णमालेची सगळी गोष्ट सांगितली. ते ऐकत नाहीत असं दाखवत ऐकत होते.

"सगळे देश आसंच बसतेत?"

"व्हय, मामा."

"त्यांच्यात जावई असतेत का?"

जावयांचा उल्लेख माझ्या पुस्तकात कुठेच नव्हता. पण घाईघाईत मला पुढचा नियम आठवला. "राजदूतांचा कायदा निराळा आहे. त्यांच्यात मोठा देश, लहान देश बघत नाहीत. ज्यानं आधी येऊन आपले कागद दाखवले त्याचा मान आधी."

मामांचा हात हळदीत थांबला. "म्हंजी जो जावई आधी झाला त्यो पयला?"

"बरोबर तेच."

"हा कायदा बराबर हाय." ते उठून खाटेवर बसले आणि मलाही बसायला सांगितलं. "मग काल ह्यो काहून न्हाई लावला?"

खरं उत्तर सोपं होतं. तो नियम त्याच पुस्तकात, अगदी पुढच्याच पानावर होता आणि परीक्षेला येणार नाही म्हणून मी त्यावरून नुसती नजर फिरवली होती. पण मी हळदीकडे बघत म्हणाले, "तो दुसऱ्या वर्षाला शिकवतात, मामा."

डबा उघडून मामांनी बुंदीची एक मूठ तोंडात टाकली, टोपी स्वतःच्या हातानं डोक्यावर नीट बसवली आणि आत्याला फोन आणायला लावला. फोनवर बाबांना म्हणाले, "पोरीला अर्ध्यावर काढू नगा. अर्धी शिकली तर हे आसं केलं. पुरी शिकू द्या, न्हाईतर पुढच्या लग्नात अजून कुणाला तकलीफ व्हईल." मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी आत जाऊन आत्याच्या गळ्यात पडले.

जूनमध्ये मी हैदराबादला परतले. दुसरं वर्ष मी एकही पान न गाळता वाचलं. पास झाले तेव्हा बाबांनी घरी छोटंसं जेवण ठेवलं. या वेळी यादी नव्हती, माईकही नव्हता. मी पहिली टोपी घेऊन सरळ मामांसमोर गेले. ते घालून घेताना खाली वाकले आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "त्यो राजदूताचा कायदा पयल्याच वर्षाच्या पुस्तकात व्हता ना गं?"

मी गारच पडले. "तुम्हाला कसं कळलं?"

"खरं बोलताना तू डोळ्यात बघतीस. त्या दिवशी हळदीकडं बघून राहिली व्हतीस."

"मग तुम्ही बाबांना तसं का सांगितलं?"

मामांनी टोपी जरा तिरकी केली, जशी ते फक्त आनंदात असताना घालतात. "तुला शिकायचं व्हतं," ते म्हणाले, "आन् मला परत तुमच्या घरला यायचं व्हतं."