साहेबांनी आणलेला पंखा

वीज गेली म्हणून वारा घ्यायला काही शोधत होते, तर कपाटात जपानी कागदी पंखा सापडला. मागे मुलांना जपान, कोरिया या देशांबद्दल कसं शिकवायचं याचं प्रशिक्षण साकोलीत घेऊन आले, तेव्हा वर्गात मी तिथल्या भातशेतीचे फोटो दाखवले आणि मुलांकडून आपल्या भाताच्या रोवणीची चित्रं काढून घेतली, शेतातल्या बांधीतल्या ओल्या चिखलानेच रंगवून. ती घेऊन अभ्यासदौऱ्यावर जपानला गेले मात्र आमचे शिक्षणाधिकारी साहेब. परतल्यावर त्यांनी मला हा पंखा दिला आणि मुलांना फोनवर तिथल्या शाळेच्या भिंतीवर लावलेली चित्रं दाखवली. एक मुलगी ओरडली, “म्याडम, हे तं माह्यं चित्र हाये! खाली सायबाचं नाव काहून?” साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, “जपानची मुलं किती शिस्तीत असतात, मॅडम!” पंखा मी मिटलेलाच परत कपाटात टाकला आणि पुठ्ठ्याने वारा घेत बसले.