उभ्या डब्याची पाचर

रेल्वेची छोटी लाइन बंद झाली, तेव्हा आम्ही हौशी मंडळींनी तिचा एक डबा मागून आणला. आता तो वीस हात रुळावर उभा आहे. पुढे भिंत, मागे चिंचेचं झाड. दर रविवारी आम्ही तो घासतो, रंगवतो. दीक्षितपुऱ्याचे एक रिटायर्ड गार्ड ब्रशला हात न लावता फक्त चुका काढतात. निघताना मात्र स्वतः वाकून चाकाखाली लाकडी पाचर ठोकतात.

"काहून ठोकून राहिले, काका? इंजिन तर नाही!"

"देखो भैया, गाडीचा भरोसा नसतो."

सगळे खो खो हसायचो.

मागच्या रविवारी ते पाटणला लेकीकडे गेले होते. काम आटोपून आम्ही पांगलो. सराफ्यापर्यंत आलो आणि मी स्कूटर परत डब्याकडे वळवली. पाहतो तर माझ्याआधीच कोणीकोणी येऊन तीन पाचरी ठोकून गेलेलं.

मी चौथी ठोकली.