मास्तरांनी हात वर केले

संशय आमच्या घरात वाटणीला आलेला. आबा, म्हणजे माझे वडील, नारळ घेताना कानाशी धरून हलवायचे, आणि तरी फोडेपर्यंत त्याच्यावर भरवसा ठेवायचे नाहीत. मी विमान चालवायला शिकतो म्हटल्यावर त्यांनी विमानाबद्दल अवाक्षर काढलं नाही. शिकवणार कोण, एवढंच विचारलं.

“पुण्याचे एक मास्तर हायेत. लढाईत विमान चालवलंय त्यांनी.”

“मंग जपून. पेठंतला माणूस. येळ आली का हात वर करील, आन् खापर तुझ्या डोस्क्यावर.”

मी ते गाठीशी बांधलं.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. पिंपरीकडे कारखाने नुकते उभे राहत होते. त्यातल्या एकात मी फिटर होतो. शिफ्ट सुटली की सायकल हाणत चऱ्होलीच्या अलीकडच्या माळावर यायचो. तिथं पत्र्याची शेड, एक जुनं विमान आणि हे मास्तर. विमानात बसायला दोन उघड्या जागा, एकीमागे एक. पुढे मास्तर, मागे मी. दोघांसमोर विमान चालवायचा सारखाच दांडा, आणि दोन्ही दांडे आतून जोडलेले. एक हलला की दुसरा हलणारच. बोलायला रबरी नळी, तिचं टोक कानाशी बांधलेलं. मला मागून मास्तरांचं डोकं नि खांदे दिसायचे. हात दिसायचे नाहीत. सगळी गोम तिथंच होती.

माझ्याबरोबरची मुलं एकेक करून एकट्यानं उडाली. मी आपला तिथंच. दिवाळीनंतर नवी तुकडी येणार होती. तोवर एकटा उडालो नाही तर माझी जागा दुसऱ्याला, असं मास्तरांनी सरळ सांगून टाकलेलं. आणि इकडे दर वेळी उतरताना दांडा माझ्या हातात जड व्हायचा. कुणीतरी पलीकडून ओढतंय असं वाटायचं. खाली आल्यावर विचारलं तर मास्तर म्हणायचे, “मी हातसुद्धा लावला नाही.”

हातसुद्धा लावला नाही म्हणे! चोर दुसरं काय म्हणणार? स्वतः उतरवायचं आणि वर मलाच म्हणायचं की तुला उतरवता येत नाही. माझी पक्की खात्री झाली, या माणसाला मला घालवायचंय. शेतकऱ्याचं पोर विमानात बसलेलं याच्या डोळ्यांत सलतंय.

त्यांनाही माझा संशय होताच. एकदा म्हणाले, “तू सगळ्यालाच व्हय म्हणतोस रे. कळतं का काही?”

“व्हय,” मी म्हणालो.

मग तो दिवस आला. आज चोर पकडायचाच, असं ठरवून मी बसलो होतो. उतरण्याआधीचं वळण मास्तरांनी स्वतः घेऊन दाखवलं, इंजिन बारीक केलं आणि नळीतून म्हणाले, “बघ, नाक एवढंच खाली. हं, घे.”

“व्हय,” मी म्हणालो.

मला वाटलं, अजून दाखवतायत. मी हात मांडीवर ठेवले. आणि विमान काय सुरेख उतरत होतं! वारा पडलेला, ना धक्का ना हेलकावा. पुढे मास्तरांचे खांदे अगदी सैल. त्यांनी समाधानानं मान डोलावली, तेव्हा माझ्या मनात उकळ्या फुटल्या. सापडला गडी! स्वतःच उतरवतोय आणि स्वतःलाच शाबासकी देतोय!

तेवढ्यात डावा पंख हळूच कलायला लागला. सावरतील, म्हणून मी वाट बघितली. इंद्रायणीकाठच्या बाभळी समोर आल्या, तरी पंख कललेलाच.

“मास्तर, सावरा की!”

“मी? अरे, विमान तुझ्याकडे आहे!”

“माझ्याकडं? न्हाई वो!”

दांड्याला हिसका बसला, इंजिन बोंबललं आणि बाभळीचे शेंडे चाकांखालून निघून गेले.

शेडच्या सावलीत आलो. मास्तर पांढरेफटक पडले होते.

“मला वाटलं तू चालवतोयस,” ते म्हणाले. “इतकं छान आणलंस, म्हटलं उद्या याला एकटा सोडू. अरे, कोणीच चालवत नव्हतं! मी घे म्हटलं, तू व्हय म्हणालास ना?”

“म्हणलो की. मोठं माणूस बोलाय लागलं का मधनंमधनं व्हय म्हणावंच लागतं. न्हाईतर त्याला वाटतं, ह्याचं ध्यान न्हाई.”

“म्हणजे व्हय म्हणजे होय नव्हे?”

“व्हय म्हंजे ऐकतोय.”

मास्तर मटकन खाली बसले. “आणि इतके महिने मी जे शिकवलं ते?”

“ऐकलं की समदं.”

मला वाटलं, संपलं आता. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच बोलावलं.

“आजपासून व्हय बंद. मी सांगेन ते तुझ्या शब्दांत मला परत सांगायचं. नाही कळलं तर नाही म्हणायचं, मी काही खात नाही तुला. विमान घेताना ‘विमान माझ्याकडं’ असं पुरतं म्हणायचं. मी ‘विमान तुझ्याकडे’ म्हणेपर्यंत ते माझं. आणि माझ्या हातांवर तुझा भरवसा नाही, होय ना? खरं बोल.”

“न्हाई,” मी म्हणालो. जमिनीवर उभं राहून त्यांना न्हाई म्हणायची ही पहिलीच वेळ.

“मग बघत राहा.”

त्या दिवशी उतरताना त्यांनी दोन्ही हात डोक्यावर सरळ वर धरले, भर वाऱ्यात, मला दिसतील असे. दांडा तरीही जडच लागला. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ओढणारा कुणी नव्हता, माझीच मूठ आवळलेली होती. हात दिसले तशी ती सैल पडत गेली. त्यानंतर दर वेळी उतरताना मास्तर हात वर धरायचे.

दिवाळीच्या आधी एका सकाळी, एक फेरी मारून विमान माळावर थांबल्यावर, ते मधेच खाली उतरले आणि दांड्यात अडकू नयेत म्हणून आपल्या रिकाम्या जागेवरचे पट्टे घट्ट बांधले.

“विमान माझ्याकडं,” मी म्हणालो.

“विमान तुझ्याकडे. जा.”

वर गेलो, माळाला वळसा घातला. शेवटचं वळण घेतलं आणि समोरची रिकामी जागा दिसली. आबांचं बोलणं कानात वाजायला लागलं. आता काही झालं तर हा मास्तर म्हणणार, मी तर विमानातसुद्धा नव्हतो! बाभळी आल्या. मूठ पुन्हा आवळली गेली.

तेवढ्यात माळाच्या कडेला एक माणूस दिसला. दोन्ही हात डोक्यावर सरळ वर धरून उभा. हलवत नव्हता, खुणा करत नव्हता. माझी चाकं जमिनीला लागून विमान थांबेपर्यंत त्यानं ते हात खाली घेतले नाहीत.

संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा आबांनी विचारलं, “दिवाळीआदी एकट्याला सोडणार व्हते न्हवं? काय केलं तुझ्या मास्तरानं?”

“हात वर केले,” मी म्हणालो, आणि माझे डोळे भरून आले.

आबांनी माझ्याकडं बघितलं. आपल्या भाकरीचा अर्धा मोडून माझ्या ताटात ठेवला.

“म्या म्हणलं न्हवतं?” ते म्हणाले. “जाऊ दे, पोरा. जित्ता आलास, लई झालं.”