बघणाऱ्याचा वाटा

आमच्या गावात डोळे तपासायची रीत अशी, की किनाऱ्यावर उभं राहायचं आणि समोर समुद्रात जो काळा खडक आहे तो दिसतो का सांगायचं. खडक दिसला की डोळे चांगले. त्यावर बसलेला पक्षी दिसला तर फारच चांगले. माझ्या नवऱ्याला पक्षी तर दिसायचाच, वर त्याने मान कुठे वळवली आहे हेही ते सांगायचे. अशा माणसाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे काय काम असेल, बघा.

आमचे हे रापणीचे बघणारे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी ते पाण्यात अर्धगोल सोडत जाते आणि दोन्ही टोकांचे दोर वाळूवरची माणसं ओढतात. पण जाळं कधी सोडायचं ते एकट्या बघणाऱ्याने सांगायचं. तो उंचवट्यावर उभा राहून पाणी न्याहाळतो. बांगड्याचा थवा आला की पाण्याचा रंग जरासा बदलतो म्हणे. एवढ्या वर्षांच्या संसारात मला तो बदल एकदाही दिसलेला नाही. यांनी खांद्यावरचा पंचा वर केला की होडी सुटते. दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाला मासळीचा वाटा मिळतो आणि बघणाऱ्याला डोळ्यांचा म्हणून एक वाटा वेगळा. या वेगळ्या वाट्याचा यांना केवढा अभिमान! घरी आणताना तो वरच्या बाजूला ठेवायचे, शेजाऱ्यांना दिसेल असा.

यांना शुगर निघाली त्याला बरीच वर्षं झाली. गोळ्या घेतात, म्हणजे मी समोर उभी राहते म्हणून घेतात. अंगाने काटक, पोटाचा पत्ता नाही. शुगर ही मुंबईहून रिटायर होऊन आलेल्या खुर्चीतल्या माणसांची, असं यांचं ठाम मत. आपल्याला ती चुकून लागली. चहात साखर घालत नाही म्हणून मिरवायचे आणि सकाळी उकड्या तांदळाची पेज दोन वाडगे चढवायचे. प्रेशरची गोळी वेगळी होती, तिची आठवण आठवड्यातून एकदा. वर दाढेला तंबाखू.

डॉक्टर दर खेपेला सांगायचे की डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासून घ्या. शुगर जितकी जुनी तितका धोका जास्त, त्यात प्रेशर आणि तंबाखू म्हणजे आगीत तेल. माणूस लठ्ठ की लुकडा हे पडदा विचारत नाही. हे शांतपणे ऐकून घ्यायचे आणि बाहेर आल्यावर म्हणायचे, "माका बांगडो दिसता गो. डॉक्टराक दिसता काय तो?"

एकदा गावच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर झालं. हे गेले, भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटची ओळ धडाधड वाचली आणि तिथून निघून आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. पुढे डोळ्यांत थेंब घालून आतला पडदा बघायचा होता, खरी तपासणी तीच होती. पण थेंबांनी दुपारभर अंधूक दिसतं आणि त्या दुपारी थवा आला तर? असं म्हणून रापणीतले झाडून सगळे यांच्या बाजूचे. त्यातले निम्मे स्वतः शुगरवाले, तेही यांच्यामागून उठून आले. मला इतका संताप आला की रात्री मी जेवण वाढलं आणि बोलले नाही. यांच्या ते लक्षातही आलं नाही.

मला भीती वाटत होती ती एकाच गोष्टीची. या माणसाकडून समुद्र बघणं गेलं तर मागे काय उरेल? पेज पिणारा एक म्हातारा. हे त्यांना सांगायची सोय नव्हती.

मग मी त्या शिबिराच्या डॉक्टरीणबाईंना जाऊन भेटले. मुलीच्या वयाची पोरगी, पण धीराची. ती म्हणाली, सगळीकडे हीच गत. दुखत नाही, खुपत नाही, दिसतंही छान, म्हणून कुणी थेंबांपर्यंत थांबत नाही. आणि दिसेनासं झाल्यावर येतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो. तुमच्या गावची माणसं बसतील तरी कधी, असं तिने मला विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "घरी जाता येणार नाही, तेव्हा बसतील." आणि बोलता बोलता मला आमची गावपळण आठवली.

आमच्याकडे काही वर्षांनी एकदा अख्खा गाव घरं बंद करून शिवेबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, कुणी मागे राहायचं नाही. तीन दिवस झावळांच्या झोपड्यांत राहायचं आणि देवाने कौल दिला की परतायचं. तोवर गावात चूल नाही, शेत नाही, आणि आमच्या किनाऱ्यावर रापणही नाही. त्या वर्षी गावपळण होती. मी मानकऱ्यांना विचारलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, शिवेबाहेर काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा, देवाची हरकत नसावी. त्यांना स्वतःला शुगर होती.

गावपळणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई आपली माणसं आणि यंत्र घेऊन झोपड्यांपाशी आल्या. आधी बोटातून थेंबभर रक्त. मला वाटत होतं, वाडीत शुगर म्हणजे चार-पाच घरं. कसलं काय! ज्यांना माहीत होती ते निघालेच, पण "माका कसली शुगर" म्हणत हसत बोट पुढे करणारेही निघाले. माहेरपणाला आलेली एक पोटुशी होती, तिला आधीपासून शुगर. तिला तर बाईंनी हाताला धरून पुढे बसवलं, पोटुशीचा पडदा लवकर बिघडू शकतो म्हणून. दुपारपर्यंत काजूच्या सावलीत ओळच्या ओळ थेंब घालून बसली होती. पत्ते खेळणाऱ्यांना राजा आणि गुलाम ओळखू येईनात, त्यावरून भांडणं. आमच्या गावात इतकी माणसं इतका वेळ एका जागी बसल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं.

हे मात्र ओळीत नव्हते. शिवेवरच्या टेंबावर, म्हणजे टेकाडावर, जाऊन बसले होते, तिथून समुद्र दिसतो. मी पेज घेऊन वर गेले तर यांचा चेहरा पडलेला. काय झालं विचारलं. यांनी नुसतं बोट दाखवलं. मला दिसलं ते रोजचंच पाणी. पण थवा आला होता, म्हणाले, मोठा, अगदी किनाऱ्याला लागून. आणि होडी बंद, जाळं बंद, गाव बंद. पंचा मांडीवर घट्ट धरून बसले होते, एखादे वेळी हात आपोआप वर जाईल म्हणून असेल. मला हसूही आलं आणि कीवही आली.

बऱ्याच वेळाने उठले आणि म्हणाले, "ह्या बघण्यापरास दिसला नाय तर बरा. चल, घाल ते थेंब."

मी पेज तिथेच ठेवली आणि यांच्या आधी खाली पळाले, मन बदलायच्या आत.

संध्याकाळी बाईंनी यंत्रावर सगळ्यांच्या पडद्याचे फोटो दाखवले. बऱ्याच जणांच्या डोळ्यांत थोडेफार ठिपके होते. त्यांना शुगर सांभाळा आणि ठरल्या वेळी या, एवढंच सांगितलं. निवृत्त मास्तरांची शुगर यांच्याहून जुनी, पण खाणं आणि गोळ्या घड्याळासारख्या. त्यांचा पडदा स्वच्छ. मग यांचा फोटो आला. लाल ठिपके जागोजाग, आणि पिवळट डाग उजव्या डोळ्याच्या अगदी मधल्या जागेला टेकलेले. नेमकं बघायची जागा तीच, बाई म्हणाल्या. सूज अजून मध्यावर चढली नाही म्हणून दिसतंय, आणखी थांबला असता तर गेलं असतं. यांनी एवढंच विचारलं, "पुढल्या हंगामाक माका पाण्याचो रंग कळतलो मा?"

बाईंनी खोटा धीर दिला नाही. आहे ते राखता येईल, म्हणाल्या, पण तुम्ही साथ द्यायला हवी.

दिली हो त्यांनी साथ. मलाही खरं वाटत नव्हतं. कौल झाला, गाव परतला, आणि त्याच आठवड्यापासून आम्ही एस.टी.ने कसाल, तिथून पुढे कुडाळ अशा खेपा सुरू केल्या. डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर यांनी माझा हात असा आवळला की बांगड्या वाकल्या. नंतर लेसर झालं. तंबाखूची डबी यांनी स्वतः विहिरीपलीकडे भिरकावली, आणि मी ती शोधून कचऱ्यात टाकली, न जाणो परत सापडली तर. पेज एका वाडग्यावर आली. प्रेशरची गोळी मागून घेऊ लागले. अर्थात, कुरकुर चालूच होती.

नारळी पौर्णिमेनंतर नवा हंगाम लागला. पहिल्या दिवशी मी मुद्दाम किनाऱ्यावर गेले, टोपली घेऊन. हे उंचवट्यावर उभे होते. रापणीतले सगळे यांच्या पंच्याकडे डोळे लावून उभे होते, कारण यांच्या डोळ्यांचं सगळ्यांना ठाऊक होतं. किती वेळ काहीच होईना. माझं सगळं लक्ष यांच्या खांद्यावर. आणि एकदम पंचा वर गेला.

होडी सुटली. दोर ओढायला मीही धावले. जाळं वाळूला लागलं तेव्हा ते हलवता हलेना, इतका बांगडा. माणसं नाचायची तेवढी बाकी राहिली होती. मी रडले, सरळ सगळ्यांसमोर रडले.

मग वाटे पडले. दोराला हात लावणाऱ्यांचे झाले, माझ्या टोपलीतही माझा पडला. शेवटी वाटणाऱ्याने बघणाऱ्याचा वाटा वेगळा काढून यांच्यापुढे ठेवला. यांनी त्याला हात लावला नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "तो तिच्या टोपलेत घाल. बघितलंय मी, पण डोळे तिना राखल्यान."

मी नको म्हटलं नाही. तो वाटा टोपलीत वरच्या बाजूला ठेवला, शेजाऱ्यांना नीट दिसेल असा, आणि टोपली डोक्यावर घेऊन घरी आले.