बोडी की बॉडी?

मित्रहो, सकाळपासून इकडे दिघोरीत पाऊस थांबलेला नाही. आमच्या बोडीची पाळ पाझरून राहिली आहे. बाहेरच्यांसाठी सांगतो, बोडी म्हणजे धानाला पाणी देणारं लहान तळं.

सरकारच्या पुराच्या नंबरवर फोन केला. पोरगी गोड आवाजात म्हणाली, "नोंद घेतली, सर." इतका गोड आवाज ऐकला की मला शंकाच येते.

ऐंशी सालाच्या आसपास हीच बोडी वादळी पावसात फुटली होती. माझ्या काकाजींनी पोस्टातून तालुक्याला फोन लावला, "बोडी वाहून गेली जी, लवकर या."

दुपारीच जीप हजर. साहेब, दोन शिपाई, स्ट्रेचर आणि पांढरं कापड.

"बॉडी कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

काकाजींनी फुटक्या पाळीकडे बोट दाखवलं. "इथंच होती जी. खालची धानाची रोपं, सारे परे, गाळात गेले. आता रोवणी कायची करू?"

"म्हणजे मेलं कोणीच नाही?"

"नाही जी."

"मग आम्हाला कशाला बोलावलं?" साहेब जीपमध्ये बसले आणि गेले.

गाव वर्षभर हसलं. साहेब बाहेरचे, त्यांचं ऐकण्यात चुकलं, असं सगळे म्हणाले. मला मात्र अजून वाटतं, काकाजी नीट 'तळं फुटलं' म्हणाले असते, तर जीप निघालीच नसती.

आज मी शहाणपणा करून फोनवर 'तलाव' म्हणालो. दुपार टळली, कोणी आलेलं नाही. पाळ अजून उभी आहे.

परत फोन लावतो आहे. या वेळी 'बोडी' म्हणू काय?