साडूने विचारलं, सुरुवातीला काय वाचू?

सारंगखेड्याच्या योगेंद्र पाटलांना कुठल्याही विषयावर 'मला माहीत नाही' म्हणणं जड जायचं. गावात त्यांचं ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं दुकान. नळ्यांबद्दल ते बोलत तेव्हा बरोबरच बोलत. पण गिऱ्हाईक बसलं की गोष्ट नळ्यांवरून हवामानावर, हवामानावरून परराष्ट्र धोरणावर जायची आणि योगेंद्रभाऊ कुठेच थांबायचे नाहीत. हा गुण आपल्यात आहे हे त्यांना ठाऊक होतं. तो दोष आहे हे कळायला एक लग्न व्हावं लागलं.

लग्न म्हसावदला होतं, बायकोच्या मावसभावाचं. पंगतीत शहाद्याचा धीरज शेजारी आला. धीरज म्हणजे त्यांचा धाकटा साडू, हायस्कुलात गणित शिकवायचा. समोर कुणीतरी शेअर बाजाराचा विषय काढला. योगेंद्रभाऊंनी आदल्या दिवशी दुकानातल्या टीव्हीवर एक वाक्य ऐकलं होतं. ते त्यांनी वरणाची वाटी बाजूला सारून गंभीरपणे म्हणून टाकलं, "मार्केट सध्या करेक्शनमध्ये आहे. घाई करू नका."

पंगत गप्प झाली. पुढचं वाक्य त्यांना येत नव्हतं म्हणून तेही गप्प झाले, आणि ती शांतता लोकांनी ज्ञान म्हणून घेतली. धीरज तर हात धुताना मागेच लागला.

"दादा, मालेबी शिकनं शे. सुरुवातले काय वाचू, काय देखू, सांगा ना."

"धाडसू तुले," योगेंद्रभाऊ म्हणाले. त्या क्षणी त्यांच्या नावावर शेअर सोडाच, शेअर ठेवायला लागणारं डिमॅट खातंही नव्हतं.

आता काहीतरी धाडणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी दुकानात बसून त्यांनी मोबाइल उघडला. पहिल्याच व्हिडिओत लाल गाडीला टेकलेला एक तरुण सांगत होता की नोकरी करणारे मूर्ख असतात. दुसऱ्यात एक जण काळ्या फळ्यावर भावाचा चढउतार दाखवणाऱ्या हिरव्या-लाल मेणबत्त्या काढत होता. योगेंद्रभाऊंनी मेणबत्त्या नीट पाहिल्या, मान डोलावली आणि काही न कळता दोन्ही व्हिडिओ धीरजला पाठवले. खाली लिहिलं, 'हे पाया पक्का करतील.'

मग नंदुरबारला एका हॉलमध्ये मोफत मार्गदर्शन शिबिर असल्याचं कळलं. तिथे दुपारपर्यंत श्रीमंत कसं व्हायचं ते सांगितलं, आणि ते शिकायचं असेल तर पैसे भरून पुढच्या शिबिराला या, असंही सांगितलं. योगेंद्रभाऊ एक टोपी आणि एक पेन घेऊन, आणि कुठला शेअर घ्यावा याच्या टिपा देणाऱ्या मोबाइलवरच्या एका ग्रुपचे सदस्य होऊन परतले. इंग्रजीतलं एक जाडजूड पुस्तकही मागवलं. त्याची प्रस्तावना त्यांनी दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा वाचलेली दुसऱ्या दिवशी आठवली नाही.

त्या ग्रुपवर एका कंपनीचं नाव आलं. नावात 'अ‍ॅग्रो' होतं. शेतीशी संबंध म्हणजे आपलाच विषय, असं म्हणून त्यांनी खातं उघडलं आणि ते शेअर घेतले. संध्याकाळी ही बातमी त्यांनी बायकोला, प्रतिभाताईंना, सहज बोलल्यासारखी सांगितली. त्या भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "ती कंपनी बनावस काय?"

"बियाणं," योगेंद्रभाऊ म्हणाले. नंतर अंगणात जाऊन त्यांनी मोबाइलवर शोधलं. कंपनी बियाणं बनवत नव्हती. ती बरीच वर्षं काहीच बनवत नव्हती. आठवड्याभरात शेअर इतका घसरला की विकायला गेले तर घेणारा मिळेना. ग्रुप चालवणारा माणूस तोवर ग्रुप बंद करून गेला होता.

रक्कम फार नव्हती, पण योगेंद्रभाऊंना झोंबलं ते वेगळंच. गिऱ्हाइकाने नळी घेण्याआधी ती वाकवून, दाबून, भोकं मोजून पाहिली नाही तर तेच त्याला रागवायचे. आणि स्वतः मात्र नाव वाचून पैसे टाकले होते.

अशात एका रविवारी धीरज बायकोला घेऊन सारंगखेड्याला आला. चहा झाला. त्याने सांगितलं की दादांनी पाठवलेले व्हिडिओ त्याने शाळेतल्या सगळ्या मास्तरांना पाठवले, आणि दोन मास्तर दादांना भेटायला यायचं म्हणतायत. योगेंद्रभाऊंनी प्रतिभाताईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या.

"धीरज, माले काहीच येत नही," ते म्हणाले. "लगीनमा जे बोलनू, ते टीव्हीवर आयकेल व्हतं."

धीरजने बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "मंग मी शाळामा जे सांगी ऱ्हायनू, ते कोनं शे?" आणि तो हसायला लागला. खरं म्हणजे त्यालाही त्या मेणबत्त्या कळल्या नव्हत्या. दादांना कळल्या असतील म्हणून त्याने विचारलं नव्हतं.

त्या दिवशी दोघांनी मिळून पहिल्यांदा धड शोधलं. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या संकेतस्थळावर मराठीतली पुस्तिका फुकट होती. तिच्यात लाल गाडी नव्हती. शेअर म्हणजे कंपनीतला वाटा, भाव का हलतो, हमखास नफ्याचं वचन देणाऱ्यापासून लांब का राहायचं, एवढंच साध्या भाषेत होतं. ती प्रतिभाताईंनी मोठ्याने वाचली, कारण दोघा पुरुषांचे चष्मे शहाद्यात आणि दुकानात राहिले होते.

पुढच्या रविवारी धीरजने एका कंपनीचा वार्षिक अहवाल छापून आणला. तिच्या नळ्या योगेंद्रभाऊ दुकानात विकत होते. पहिली पानं त्यांना जड गेली. मग उधारी वसूल व्हायला किती वेळ लागतो, पावसाळ्यात विक्री का पडते, गोदामात माल का तुंबतो, हे आलं आणि ते सरसावून बसले. हे तर त्यांच्याच दुकानाचं मोठं रूप होतं. धीरज ताळेबंदातले आकडे समजावून सांगत होता, ते माल समजावून सांगत होते. न कळलेल्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारायची, असं ठरलं. पहिल्या अहवालात रेघा इतक्या झाल्या की प्रतिभाताई म्हणाल्या, कळलेल्या ओळींखालीच मारा, पेन्सिल वाचेल.

वर्ष झालं. दोघं दर महिन्याला थोडे पैसे एका इंडेक्स फंडात टाकतात, म्हणजे बाजारातल्या मोठ्या कंपन्यांत एकदम थोडा थोडा वाटा. एकेकटा शेअर घ्यायची हिंमत योगेंद्रभाऊंना अजून झालेली नाही, आणि ते तसं सांगतातही. दुकानात कुणी टीप विचारली की ते त्याला ती पुस्तिका मोबाइलवर पाठवतात. बहुतेक जण ती उघडत नाहीत. रनाळ्याच्या दगा चौधरींनी मात्र उघडली आणि ते चक्रवाढीबद्दल एक प्रश्न घेऊन आले. योगेंद्रभाऊंनी तोंड उघडलं, क्षणभर थांबले आणि धीरजला फोन लावला.